सप्तमीचा रस्ता

"आज किती पळणार?" असं कुणी विचारलं तर काका किलोमीटर सांगत नसत. "आज पंचमी," एवढंच म्हणून ते बुटाची नाडी बांधायला वाकत. विचारणारा शेजारचा गोरा असला तरी उत्तर तेच, फक्त इंग्रजीत. "टुडे इज पंचमी." तो बिचारा "ओह, स्वीट ॲज," म्हणजे तिकडचं 'छानच', असं म्हणून कुंपणापलीकडे पुन्हा गवत कापायला लागे.

हिशेब तसा साधा होता. शुद्ध प्रतिपदेला एक किलोमीटर, द्वितीयेला दोन, असं वाढत वाढत पौर्णिमेला पंधरा. मग वद्य प्रतिपदेला चौदा, द्वितीयेला तेरा, असं उतरत उतरत अमावास्येला शून्य. अमावास्येला ते बूट धुऊन उन्हात ठेवत, ऊन नसलं तर हीटरसमोर ठेवत, आणि दिवसभर चिडचिड करत.

मी त्यांच्या घरात खालच्या मजल्यावर चार वर्षं भाड्याने राहिले. न्यूझीलंडच्या अगदी दक्षिणेकडे डनीडन नावाचं गाव आहे, तिथे. डोंबिवलीहून शिकायला म्हणून गेले होते, मग तिथल्याच एका सॉफ्टवेअर कंपनीत चिकटले. पहिल्या आठवड्यात ते मला 'मिस' म्हणत आणि मी त्यांना 'सर'. दुसऱ्या आठवड्यात काकूंनी भरल्या वांग्याची वाटी खाली पाठवली आणि ते काका झाले. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मला सकाळी पळायला बोलावलं. मी म्हटलं, "काका, मी बस पकडायलासुद्धा पळत नाही." त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव 'अमावास्या' ठेवलं. काकू चिडायच्या. "परक्याच्या मुलीला असं काय म्हणता हो सकाळी सकाळी?" काका शांतपणे म्हणायचे, "शून्य किलोमीटर. मग दुसरं काय म्हणू?"

प्रत्येक तिथीचा रस्ता ठरलेला होता. प्रतिपदेला कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत जाऊन परत. डेअरी म्हणजे तिथे गोठा नव्हे, दूध-पाव-वर्तमानपत्र विकणारं दुकान. पंचमीला बोटॅनिक गार्डनला वळसा. सप्तमीला गार्डनमधून पुढे लीथ नदीच्या काठाकाठाने वर, जिकडून नदी येते तिकडे, गर्द झाडीत. अष्टमीला त्याच नदीच्या कडेने पण उलट, खाली, युनिव्हर्सिटीतून थेट बंदराच्या पाण्यापर्यंत. एकादशीला टाउन बेल्टचं जंगल आणि घरी आल्यावर साबुदाण्याची खिचडी. पौर्णिमेला बंदराच्या कडेने रेव्हन्सबोर्नच्याही पुढे. वद्य पक्षात तेच रस्ते उलट्या क्रमाने. हे सगळे रस्ते त्यांनी स्वतः मोजले होते. मोबाइलवर नव्हे. आयुष्यभर सर्व्हेच्या नकाशांची ड्रॉइंग्ज काढलेला माणूस तो, मोजायचं चाक ढकलत एकेक रस्ता त्यांनी पायाखाली घातला होता, आणि सप्तमीचा रस्ता चाळीस मीटरने कमी भरला तेव्हा एका बाकाला फेरी मारून यायचं ठरवलं होतं. रोज येणाऱ्या लोकांना वाटे की या म्हाताऱ्याचा त्या बाकावर काहीतरी नवस आहे.

डनीडन हे स्कॉटलंडहून आलेल्या लोकांनी वसवलेलं गाव. येताना त्यांनी एडिनबरोच्या रस्त्यांची नावं बांधून आणली आणि इथल्या रस्त्यांना देऊन टाकली. नदीलाही तिकडच्याच नदीचं नाव दिलं. खरं तर ती नदीसुद्धा नाही, मोठासा ओढा आहे. तिथीवरून कुणी हसलं की काका हा सगळा इतिहास काढत. "हे लोक अर्ध्या पृथ्वीवरून आपल्या गावच्या गल्ल्या घेऊन आले. त्यांना कुणी हसलं नाही. मी नुसती तिथी आणली. तिचं तर बॅगेत वजनही होत नाही."

या प्रकाराची सुरुवात त्यांच्या हृदयापासून झाली होती. साठाव्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टर म्हणाली, चालायला लागा, जमलं तर हळूहळू पळा, थोडं थोडं वाढवत न्या. काकांनी विचारलं, "रोज किती वाढवू?" ती हसून म्हणाली, जमेल तसं. आमच्या काकांना 'जमेल तसं' हे माप कधीच कळलं नाही. त्यांनी रोज एक किलोमीटर वाढवायला सुरुवात केली आणि पंधराव्या दिवशी धापा टाकत घरी येऊन पायरीवर बसले. आता उद्या सोळा, परवा सतरा, आणि मग? डॉक्टरने थांबायचं कुठे ते सांगितलंच नव्हतं. त्या संध्याकाळी समोरच्या टेकडीवर पौर्णिमेचा चंद्र आला. "तो मला म्हणाला, अरे वेड्या, उद्यापासून उतर की." हे सांगताना ते अगदी गंभीर असत. "वाढवायला सगळे सांगतात. उतरायचं कसं ते कुणी सांगत नाही." 

गोष्ट एवढ्यावर थांबली असती तर काकांना आपण नुसतं हौशी म्हटलं असतं. पण तिथी म्हणजे नक्की कुठली, हा प्रश्न त्यांना पडला होता. भारतातलं पंचांग भारतातल्या सूर्योदयाचं. डनीडनला सूर्य त्याच्या चार ते नऊ तास आधी उगवतो. मग पुण्यात उगवताना असलेली तिथी इथे उगवताना असेलच कशावरून? म्हणून त्यांनी स्वतःचं पंचांग मांडलं. दोनशे पानी वही, प्रत्येक दिवसाला एक ओळ. पुण्याच्या पंचांगातून तिथी संपण्याची वेळ घ्यायची, तिच्यात साडेसहा तास मिळवायचे, इथला सूर्योदय बघायचा आणि निकाल द्यायचा. उन्हाळ्यात सरकार घड्याळ तासभर पुढे करतं, ते काकांना मान्य नव्हतं. "सरकारने सांगितलं म्हणून सूर्य लवकर उठतो का?" त्यांच्या दिवाणखान्यातलं घड्याळ बारा महिने एकाच वेळेवर चाले. नव्याने जेवायला येणारे पाहुणे ते बघून दचकत आणि तासभर आधी आलो म्हणून माफी मागत. काका ती स्वीकारत.

एकदा तिथल्या एका रनिंग ग्रुपने त्यांना बोलावलं. रविवारी सकाळी दहा किलोमीटर, नंतर कॉफी. काका म्हणाले, रविवारी माझी द्वितीया आहे, मी दोनच पळेन. त्यांना वाटलं गुडघा दुखतोय. मग काकांनी त्यांना चंद्र, सूर्य आणि त्यांच्यातलं बारा अंशांचं अंतर हे सगळं पार्किंगमध्ये उभं राहून अर्धा तास समजावलं. शेवटी त्यांच्यातला एक जण म्हणाला, "मेट, यू डू यू." म्हणजे तुमचं तुम्ही चालू द्या. काका घरी येऊन काकूंना म्हणाले, "पटलं त्यांना." काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि मी चहाचा कप तोंडाला लावला.

चूक मात्र त्यांना खपत नसे. दुसऱ्याची तर नाहीच. आम्ही पंधरा-वीस मराठी घरं मिळून गणपती बसवायचो. हॉल मिळेल त्या शनिवारी आमची चतुर्थी. एका वर्षी आरती संपली आणि काका उठून उभे राहिले. सगळ्यांना वाटलं आभार मानणार. ते म्हणाले, "आज चतुर्थी नाही, याची सर्वांनी नोंद घ्यावी. देवाला हे माहीत आहे. फक्त तो बोलत नाही." एक छोटी मुलगी तिच्या आईला विचारत होती, "इज गणपती मॅड ॲट अस?" काकू लाजेने अर्ध्या झाल्या. काकांनी मात्र खाली बसून सहा मोदक खाल्ले. मी विचारलं, तिथी चुकली तरी मोदक चालतात का? म्हणाले, "मोदक बरोबर झालेत."

माझ्या भाडेकरारावर एकदा 'एकतीस' एप्रिल अशी तारीख पडली होती. ती मी टाइप केली होती. दोन वर्षं ते मला दर एप्रिलला ती आठवण करून देत. स्वतः चुकलो असं म्हणताना मात्र मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. आमटीत मीठ दोनदा टाकलं तरी ते म्हणायचे, "मीठ वेगळं आणलंय का हिने?"

मोबाइल ते जवळ बाळगत नसत. हृदयात स्प्रिंग बसवलेला, पासष्टीला आलेला माणूस हिवाळ्यात, निसरड्या रस्त्यांवर एकटा पळायला जातो आणि फोन नेत नाही, यावरून त्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी दुसऱ्या कशावरूनच झाली नसतील. काका म्हणत, "तिथी माहीत आहे ना? मग मी कुठे आहे ते माहीत आहे." आणि ते खरं होतं. सकाळी साडेआठला कुणी विचारलं तर काकू घड्याळाकडे न बघता सांगत, "आता बंदरावरून मागे फिरले असतील." मला म्हणत, "लोकांचे नवरे मोबाइलवर दिसतात. माझा पंचांगात दिसतो." पण म्हणताना त्यांचा डोळा दाराकडे असे. बूट दाराशी वाजले की त्या चहाचं आधण ठेवत आणि मग कुठे खुर्चीवर टेकत.

त्या वर्षी जुलैच्या शेवटी काकू मुलीच्या बाळंतपणाला हॅमिल्टनला गेल्या. मुलगी तिकडे रोटोटुना नावाच्या भागात राहायची, विमानाने जायचं अंतर. जाण्याआधी त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावून गोळ्यांचा डबा दाखवला. "दोनच गोष्टी बघ. गोळ्या घेतल्या का, आणि परत आले का. बाकी ते कुणाचं ऐकत नाहीत, तू पण नादी लागू नकोस." मग माझा हात धरून म्हणाल्या, "तुझ्या भरवशावर जाते हं." मी म्हटलं, काकू, तुम्ही बिनघोर जा.

ऑगस्टमधला शनिवार होता. भारतात श्रावणाचा शुद्ध पक्ष, आमच्याकडे अंगणातलं गवत गोठलेल्या दहिवराने पांढरं पडलेलं. मी सव्वानऊला उठून वर गेले. काका सूर्योदयाला, म्हणजे साडेसातच्या सुमाराला, निघत आणि असल्या मधल्या तिथीला फार तर पावणेनऊपर्यंत परत येत. दाराशी बूट नव्हते. ओट्यावर कप कोरडा होता. वाटलं, येतील. तेवढ्यात फोन वाजला. काकू.

"आले का गं?"

इथे मी काय केलं ते सांगायला आजही जड जातं. मला वाटलं, मुलीचे दिवस भरलेत, यांना कशाला घाबरवा? मी म्हटलं, "हो काकू, आत्ताच आले. आंघोळीला गेलेत."

"बरं बरं. घाईत नाही ना तू? हिच्या पोटात कालपासून दुखतंय. ठेवते मग."

फोन ठेवला आणि मराठी माणूस तिथी बघायची म्हणजे जे करतो ते मी केलं. भिंतीवर बघितलं. फ्रिजच्या शेजारी खिळ्याला पुण्याहून आलेलं कॅलेंडर लटकत होतं. त्या तारखेखाली छापलेलं होतं, अष्टमी. अष्टमी म्हणजे बंदराचा रस्ता. मी नाइट पँटवरच कोट चढवला आणि गाडी काढली.

बंदरापाशी गाडी लावून मी नदीच्या कडेने उलटी वर चालत आले. युनिव्हर्सिटीतून, पुलाखालून, काँक्रीटच्या भिंतींमधून वाहणाऱ्या पाण्यात वाकून वाकून बघत. दिसेल त्याला विचारत होते, एक म्हातारा इंडियन माणूस बघितला का, पांढरी पँट, मरून स्वेटर, डोक्यात माकडटोपी. माकडटोपी हातवारे करून दाखवावी लागे. एका मुलीने फार काळजीने विचारलं, "इज ही ओके, युवर डॅड?" मी हो म्हटलं आणि पुढच्या माणसाला विचारायला वळले. गाडीपर्यंत परत येत पूर्ण रस्ता पालथा घातला. काका नव्हते.

पावणेअकराला मी पोलिसांना फोन केला. फोनवरच्या बाईने शांतपणे सगळं विचारलं. वय, कपडे, आजार. मग म्हणाली, ते नेहमी कुठल्या रस्त्याने जातात ते तुम्हाला माहीत आहे का? मी छातीठोकपणे सांगितलं, बंदराच्या. अगदी नकाशासारखं सांगितलं. ती म्हणाली, ग्रेट, दॅट हेल्प्स हीप्स, म्हणजे खूपच मदत झाली, आणि तिकडे गाडी पाठवते म्हणाली. त्यांच्या औषधांची नावं मात्र मला येत नव्हती. ती घरी जाऊन सांगते म्हटलं.

घरी आले. बूट नव्हतेच. औषधांचा कागद शोधायला काकांच्या टेबलाचा खण उघडला आणि वरच ती दोनशे पानी वही. का उघडली माहीत नाही. त्यांचं ते सर्व्हेवाल्याचं सरळ, बारीक अक्षर. त्या दिवसाची ओळ होती: 'सप्तमी समाप्ती सकाळी ९.४०. सूर्योदय ७.३०. म्हणून सप्तमी.'

ती ओळ मी दोनदा वाचली. पुण्यात सूर्य उगवेपर्यंत अष्टमी लागलेली होती. आमच्याकडे उगवला तेव्हा सप्तमी होती. चार वर्षं मी हे ऐकत होते. चार वर्षं मी यावर चहाच्या कपाआड हसत होते. आणि काका नदीच्या वरच्या अंगाला होते, आणि मी स्वतः खालच्या अंगाला शोधून, शिवाय पोलिसांनाही तिकडेच पाठवून आले होते. काकूंना मघाशी फोनवर खरं सांगितलं असतं तर त्यांनी एका वाक्यात रस्ता सांगितला असता, हेही तेव्हाच लक्षात आलं.

पोलिसांना पुन्हा फोन करत करत मी गार्डनपलीकडे गाडी लावली आणि तिथून पळाले. खरंच पळाले. वर झाडी इतकी दाट की अकरा वाजून गेले तरी वाटेवरचं दहिवर वितळलं नव्हतं. ज्या बाकाला काका फेरी मारत तो दिसला, पुढे वाट वळून पाण्याच्या जवळ गेली. "काका! काका!" ओढ्याचा आवाज एवढा की माझं मलाच ऐकू येईना. थांबले. छातीत भाता चालला होता. आणि मग पाण्याच्या आवाजाखालून कुणीतरी एका सुरात काहीतरी म्हणत असल्यासारखं वाटलं. कुणीतरी पाढे म्हणत होतं. एकोणतीसचा पाढा.

वाटेच्या खाली दहा-बारा फुटांवर, नेच्यांच्या जाळीत, काका पाठ टेकून बसले होते. एक पाय भलत्याच बाजूला वळलेला. ओठ निळे, माकडटोपीत पानं अडकलेली. मी घसरतच खाली गेले. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "अमावास्या? तू पळत आलीस?"

मी त्यांच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले. त्यांचा स्वेटर गार, ओला होता, पण आतला माणूस ऊबदार होता, आणि जन्मात मला कशाने एवढं सुटल्यासारखं वाटलं नव्हतं. ते माझ्या पाठीवर थोपटत होते.  "तीन जण वरून गेले. तिघांच्या कानात ती बोंडं. हाका मारून घसा बसला. मग म्हटलं झोप लागायला नको, म्हणून अवघड पाढा घेतला." फोन करून बोलावलेली ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मी माझा कोट त्यांच्यावर घालून त्यांच्याबरोबर पाढे म्हटले. माझा एकोणतीसचा कच्चा होता. त्यांनी दुरुस्त केला. वाट बघताना मध्येच मी सगळं सांगून टाकलं. भिंतीवरचं कॅलेंडर, बंदर, पोलीस, काकूंना मारलेली थाप. मला वाटलं आता ऐकवतील. ऐकवलं असतं तर बरं वाटलं असतं. ते फक्त "हं," म्हणाले.

घोट्याचं हाड मोडलं होतं. अंगातली थंडी दोन-तीन तासांत उतरली, हृदयाला काही झालेलं नव्हतं. डॉक्टर म्हणाला, ही वॉज लकी, अजून तासभर गेला असता तर सांगता येत नव्हतं. तो तासभर माझाच होता, मी तो बंदरावर घालवला होता. हे मनात घोळत असतानाच काका म्हणाले, "फोन दे. तिला लाव." मी लावला आणि स्पीकरवर ठेवला. मला पळून जावंसं वाटत होतं.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. एकदाच, "हाड मोडलं ना, बाकी बरे आहात ना?" असं विचारलं. मग म्हणाल्या, "पण सापडायला एवढा उशीर का झाला?"

काका छताकडे बघत म्हणाले, "माझीच तिथी चुकली. आज अष्टमी होती, मी सप्तमीच्या रस्त्याने गेलो. ही पोरगी बरोबर अष्टमीच्या रस्त्यावर शोधत होती बिचारी."

"अस्सं," पलीकडून काकू म्हणाल्या.  मी खरं बोलायला तोंड उघडलं होतं, पण काकांनी डोळ्यांनी गप्प केलं, आणि मला गप्प बसणं सोपं गेलं. पुण्याचं छापील कॅलेंडर बरोबर आणि आपली वही चूक, असं त्या माणसाने भर वॉर्डात, दोन नर्सेससमोर सांगितलं होतं.

दोन दिवसांनी नात झाली. तीन आठवड्यांनी काकू परत आल्या आणि पहिल्याच संध्याकाळी त्यांनी काकांसमोर मोबाइल ठेवला, गळ्यात अडकवायची पिशवी शिवूनच आणली होती. "आता तुमच्या तिथ्या चुकायला लागल्या. यापुढे पळायचं तर हा गळ्यात." काका काय बोलणार? चूक त्यांनीच कबूल केली होती. प्लास्टर निघाल्यावर पहिल्या शुद्ध प्रतिपदेला ते डेअरीपर्यंत लंगडत गेले तेव्हा ती पिशवी स्वेटरवर हेलकावे खात होती. मी खिडकीतून बघत होते. मला ते बघवेना.

पंचमीपर्यंत मी कशीबशी कळ काढली. मग काका पळायला गेले असताना वर गेले. काकू कोथिंबीर निवडत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. चूक माझी होती, कॅलेंडर मी चुकीचं बघितलं, तुम्ही फोन केलात तेव्हा ते आंघोळीला गेले नव्हते.

"बस," काकू म्हणाल्या. "माहीत आहे मला."

"काकांनी सांगितलं?"

"ते कशाला सांगतील? जाताना त्यांच्या वहीच्या दोन महिन्यांच्या पानांची झेरॉक्स नेली होती मी. रोटोटुनाला फ्रिजवर लावली होती. रोज सकाळी चहा पिताना बघायचे, आता कुठे असतील. त्या दिवशी सप्तमी होती." त्यांनी काड्या बाजूला केल्या. "मला घाबरवायचं नव्हतं तुला, कळतं गं. पण पुन्हा मला असं वाचवू नकोस. मला विचारायचं. मी लगेच सांगितलं असतं."  मग त्यांनी माझा हात ओढून मला शेजारी बसवलं आणि अर्धी जुडी माझ्या पुढ्यात सरकवली. माझ्या छातीवरचं ओझं तेव्हा कुठे उतरलं.

थोड्या वेळाने मला राहवेना. "पण काकू, तुम्हाला माहीत होतं की ते चुकले नव्हते. मग त्यांच्या गळ्यात फोन का अडकवलात?"

काकूंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू हिला अजून संसार कळलेला नाही.

"अगं, लग्नाला चाळीस वर्षं झाली. हा माणूस पहिल्यांदा 'माझं चुकलं' म्हणाला. ते मी परत करणार होय?"